ओळंबा आणि डोळा

जबलपूरचा मदनमहाल प्रचंड कातळावर उभा आहे. ही गोंडकालीन वास्तू मान वर करूनच पाहावी लागते. कॅमेराही तसाच वर वळवला, की छायाचित्रात तिच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि सारा महाल मागे कलंडल्याचा भास होतो. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांत यावर सोपा उपाय होता : कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर ठेवून केवळ भिंग वर सरकवायचे. पुढे हीच सोय लहान कॅमेऱ्यांसाठी ‘टिल्ट-शिफ्ट’ भिंगांत आली. कॅननचे असे ३५ मिमीचे भिंग १९७३ सालचे.

पण असे ताठ केलेले चित्र खरे मानावे काय? नेत्रपटलावरही त्या भिंती जवळच येतात. भिंत उभी असते हे ठाऊक असल्यामुळे मन तिला सरळ करून घेते. म्हणजे भिंगाने नवे खोटे रचले असे म्हणता येत नाही. मात्र खाली उभ्या असलेल्या माणसाची अवघडलेली मान, त्याला जाणवलेली उंची, या चित्रातून पुसली जाते, हेही मान्य केले पाहिजे.

खरी कसोटी वेगळीच आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला. सुमारे ४० माणसे दगावली, असंख्य घरांना तडे गेले. (महालाजवळची ती प्रसिद्ध तोललेली शिळा मात्र जागची हलली नाही!) अशा वेळी तिरक्या कॅमेऱ्याने टिपलेल्या भिंतीचा कल भूकंपाचा की भिंगाचा, हे कळणे कठीण. कॅमेरा ओळंब्यात ठेवून भिंग सरकवले, तर भिंतीचा खरा कल उघडा पडतो. परंतु छायाचित्रकाराने ओळंबा सोडून चौकट भिंतीशीच जुळवून घेतली, तर कललेले घरही कागदावर ताठ उभे राहते. यंत्र तेच असते. फरक पडतो तो कशाला प्रमाण मानले यामुळे.

भिंग कलते करण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यामागचे गणित ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या ऑस्ट्रियन सेनाधिकारी थिओडोर शाइमफ्लूगने विसाव्या शतकाच्या आरंभी ते वापरले, ते आकाशातून घेतलेल्या चित्रांतील विकृती काढून अचूक नकाशे करण्यासाठी. आज त्याच कलाने टेकडीवरून शहर टिपले, की स्पष्ट राहतो तो मधला एक पट्टा. वरचे-खालचे सारे धूसर होते आणि माणसांची राहती घरे खेळण्यातली दिसू लागतात. पाहणाऱ्याला ती गोजिरवाणी वाटतात. त्यांतल्या कोणत्या भिंतीला तडा आहे, हे तिथून दिसत नाही.