सरांचे देणे



गेल्या फेब्रुवारीत इंदूरच्या एका वाचनालयाच्या सभागृहात शोकसभेत बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला. महाविद्यालयात मला तत्त्वज्ञान शिकवणारे सर जानेवारीत वारले होते. वय ८१. दर रविवारी कोठे ना कोठे संदेश देण्याची ज्याला सवय आहे, त्याला शोकसभा कठीण जात नाही, आणि तेच वाईट. मी वीस मिनिटे बोललो. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले.

सभा संपल्यावर सरांची कन्या जवळ आली. तिने आभार मानले व मग विचारले, "हे सगळं तुम्ही बाबांना कधी सांगितलं होतं का?"

तिच्या स्वरात दोष देण्याचा भाव नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी "नाही" म्हणालो. ती म्हणाली, "त्यांना आवडलं असतं. शेवटी शेवटी म्हणायचे, मुलांना माझ्या शिकवण्यातलं काही कळलं की नाही, कोण जाणे."

मी देवासला राहतो. तेथून इंदूर बसने तासाभराच्या अंतरावर. सर अंथरुणाला खिळल्याचे मला ऑक्टोबरातच कळले होते. आधी मंडळीतले पिकाचे उपकारस्तुती-सण आले, मग नाताळची गडबड, मग नव्या वर्षाच्या प्रार्थनासभा. देवाचे आभार मानण्याच्या कार्यक्रमांत मी इतका गुंतलो होतो की एका माणसाचे आभार मानायला मला सवड झाली नाही. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, म्हणूनच ते लिहीत आहे.

सर आपल्या मंडळीचे नव्हते. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण छापील गौरव त्यांना आवडत नसे व कन्येचीही तशीच इच्छा आहे. १९९८ साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षात गेलो तेव्हा ते नीतिशास्त्र शिकवीत. वह्या तपासताना ते कधी शाई वापरीत नसत, शिसपेन्सिल वापरीत. म्हणत, "शिक्षकाचं लिहिणं विद्यार्थ्याला खोडता आलं पाहिजे." माझ्या पहिल्याच निबंधात मी मोठ्या ऐटीने लिहिले होते की दुसऱ्याचे भले करावे हे सर्वांस मान्य आहे. समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते: "सर्वांस? कशावरून?"

"कशावरून?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. वर्गातली मुले त्यावरून त्यांची नक्कल करीत. उपदेशकाच्या घरात वाढलेल्या मला तो प्रश्न आधी उद्धट वाटला, मग भीतिदायक, आणि पुढे कधीतरी तो माझाच झाला. ईश्वरविज्ञानाची पदविका घ्यायला जाणार म्हणून सांगितले तेव्हा बरोबरीची मुले हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "जा. पण तिथंही कशावरून विचारायचं सोडू नकोस." माझ्या श्रद्धेचा इतका मान त्या वयात मला मंडळीतही कोणी दिला नव्हता.

शेवटच्या वर्षी दर गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावून कांट वाचून दाखवला. अभ्यासक्रमात नसलेले भाग. काकू वर शेव पेरलेले पोहे आणून ठेवीत आणि ते गार होईपर्यंत आम्ही एकाच परिच्छेदात अडकलेले असू. त्याबद्दल त्यांनी एक पैसा घेतला नाही, आणि घेण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नसावा.

ते संतापीही होते. उशिरा आलेल्या एका मुलीला त्यांनी न विचारता वर्गाबाहेर उभे केले; तिचे वडील रुग्णालयात आहेत हे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी सर्व वर्गासमक्ष त्यांनी तिची क्षमा मागितली. शोकसभेत मी हा प्रसंग गाळला. गाळायला नको होता, कारण प्राध्यापकाला विद्यार्थिनीची क्षमा मागताना मी तेव्हा प्रथमच पाहिले.

तर आता प्रश्न असा: जो माणूस राहिला नाही, त्याचे ऋण फेडता येते काय?

आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना याचे उत्तर तोंडपाठ आहे. त्यांनी तुला दिले, तू पुढच्यांना दे, म्हणजे फिटले. हे उत्तर जुने आहे आणि हलके नाही. आपल्या देशातल्या प्राचीन विचारात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली, त्यांत ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते असे मानले. विद्या चालू राहिली की ज्यांनी ती दिली त्यांना पोहोचले. खुद्द कांटनेही १७९७ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात म्हटले आहे की उपकारकर्ता हयात असेल तर त्याची तेवढीच सेवा करावी, नसेल तर ती इतरांची करावी. मात्र याला तो कृतज्ञतेची सर्वांत खालची पायरी म्हणतो. आणि त्याच ठिकाणी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती सरांनी मला तीन गुरुवार समजावली होती: उपकार कधीच पुरता फिटत नाही, कारण उपकार करणाऱ्याने तो पहिल्याने केला. आपण कितीही परत केले तरी आपण दुसरेच राहतो.

मला स्वतःला "पुढे द्या" या उत्तराची अडचण वाटते ती हिशेबाची. वाण्याची उधारी शेजाऱ्याला देऊन वाण्याच्या वहीतला आकडा खोडला जात नाही. देवासच्या मुलांना मी वीस वर्षे शिकवतो आहे, यातले इंदूरच्या त्या अंथरुणापर्यंत काय पोहोचले? सर "कोण जाणे" म्हणत राहिले. सॉक्रेटिसने इ.स.पू. ३९९ मध्ये विष घेतल्यावर अखेरीस मित्राला सांगितले ते आस्क्लेपिअस देवाला देणे असलेल्या एका कोंबड्याविषयी. ते चुकते करा, विसरू नका, असे. त्याचा अर्थ काय यावर पंडितांचा वाद आहे. पण मरणाच्या दारी त्या माणसाला नेमके देणे आठवले, आणि ते कोणाचे हेही आठवले.

दुसरे उत्तर आपल्या मंडळ्यांत अधिक ऐकू येते: सर्व काही देवाकडूनच येते, म्हणून देवाचे आभार मानले की झाले. हे बोलणे खरे असूनही मी त्याचा फार गैरवापर पाहिला आहे, स्वतः केलाही आहे. देवाला धन्यवाद देणे सोपे. त्यासाठी बस पकडावी लागत नाही.

येथे मला प्राचीन मंडळीतले एक भाषण आठवते. पंत प्रांतातला ग्रेगरी नावाचा तरुण रोमी कायदा शिकण्यासाठी बैरूतला निघाला होता. वाटेत कैसरियात ओरिजेन या थोर शिक्षकाशी त्याची गाठ पडली आणि बैरूत राहूनच गेले. तो व त्याचा भाऊ तेथे कित्येक वर्षे राहिले. घरी परतण्याची वेळ आली तेव्हा, इ.स. २३८ च्या सुमारास, त्याने गुरूसमोर उभे राहून निरोपाचे लांबलचक भाषण केले. परंपरेने त्याच्या नावे चालत आलेले हे भाषण आजही उपलब्ध आहे. त्यात तो आधी देवाचे आभार मानतो, मग आपल्याला सांभाळून तेथवर आणणाऱ्या देवदूताचे; पण तेवढ्यावर थांबत नाही. मग तो त्या माणसाकडे वळतो आणि सांगत सुटतो. सुरुवातीला ओरिजेनने सॉक्रेटिसाच्या रीतीने प्रश्न विचारून आम्हाला कसे आडवे पाडले. तर्क, भूमिती, ज्योतिष, मग नीती आणि अखेर देवाविषयीचे ज्ञान या क्रमाने कसे नेले. नास्तिकांचे सोडून सर्व तत्त्ववेत्ते वाचायला कसे लावले. आणि सद्गुण नुसते बोलून नव्हे तर आचरून कसे दाखवले. योनाथानाचा जीव दावीदाच्या जिवाशी जडला तसे माझे झाले, असे तो म्हणतो. येथून जाणे म्हणजे आदामाने बाग सोडण्यासारखे आहे, असेही म्हणतो.

भाषण अलंकारिक आहे, थोडे फुगवलेलेही आहे. सरांनी त्याच्या समासात पेन्सिलीने बरेच लिहिले असते. परंतु ओरिजेनने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. पुढे २५० साली देकियस बादशहाच्या छळात त्याला म्हातारपणी तुरुंगात घालून यातना दिल्या गेल्या आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तो मरण पावला. त्या कोठडीत त्याला हे भाषण आठवले असेल की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आठवण्याजोगे काही त्याच्यापाशी होते, एवढे मात्र खरे. आणि कैसरियात तो वर्गात कसा शिकवी हे आज आपल्याला मुख्यत्वे या एका विद्यार्थ्यामुळे ठाऊक आहे.

मी ग्रेगरीसारखा वेळेवर बोललो नाही. तेव्हा माझ्यासारख्यांचे काय, हे शोधत मी दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायाकडे आलो. दावीद राजा विचारतो की शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय, म्हणजे योनाथानासाठी मी त्याच्यावर दया करीन. लो-दबारातून मफीबोशेथाला आणतात, दोन्ही पायांनी लंगडा. त्याला आजोबांची शेते परत मिळतात आणि राजाच्या पंक्तीला पान मिळते. शब्बाथशाळेत ही कथा आपण दयेची म्हणून शिकवतो. मला तिच्यात उशीर दिसू लागला आहे. योनाथान पडला तेव्हा हे पोर पाच वर्षांचे होते. दावीदासमोर आले तेव्हा त्याला स्वतःला मीखा नावाचा लहान मुलगा होता. मधली इतकी वर्षे दावीद काय करीत होता? युद्धे होती, राज्य होते, कोश यरुशलेमेत आणायचा होता. देवाची कामेच होती ती.

पण उशिरा का होईना, त्याने एक गोष्ट केली, जी "पुढे द्या" म्हणणारे आपण विसरतो. त्याने नाव घेतले. जेवणाचे पान वाढताना हे कोणाचे देणे आहे ते मफीबोशेथाला कळू दिले. नाव न घेता दिले असते तर ते राजाचे औदार्य ठरले असते, दावीदाची कीर्ती वाढली असती आणि योनाथान पुन्हा एकदा मेला असता. मी वीस वर्षे नेमके तेच करीत आलो. मुलांना "कशावरून?" विचारायला शिकवले आणि मंडळीने माझे कौतुक केले, की यांची शिकवण्याची हातोटी काही निराळीच. मी ते कौतुक खिशात घातले.

आता वर्गात मी सांगतो की हा प्रश्न माझा नव्हे, आणि सरांचे पूर्ण नाव सांगतो. याने माझे देणे फिटले असे मी म्हणत नाही. सरांचे "कोण जाणे" तसेच राहिले. "ते वरून सर्व पाहतात" असे सांत्वन मला लोकांनी दिले; पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तरी मेलेल्यांना आपले बोलणे ऐकू येते असे सांगण्याइतका आधार मला शास्त्रात सापडत नाही. सरांच्या बाबतीत तरी कशावरूनचे उत्तर नसलेले वाक्य मी बोलू नये.

मध्यंतरी वर्गात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतली. दहा बरे झाले, एक शोमरोनी परत येऊन पाया पडला, नऊ आले नाहीत. दहा वर्षांची एक मुलगी उठून म्हणाली, "नऊजण आलेच नाहीत, कशावरून? त्यांना याजकाकडे जायला सांगितलं होतं ना? ते काम उरकून दुसऱ्या दिवशी आले असतील." वर्ग हसला. मी आधी थोडा चिडलो, हे कबूल करतो. मग पुस्तक उघडून पाहिले. तिचे म्हणणे नाकारण्यासारखे तेथे काही नव्हते. मात्र लूकने त्या कथेच्या आरंभीच सांगितले आहे की प्रभू यरुशलेमेच्या वाटेवर होता. नऊजण दुसऱ्या दिवशी आले असतील, तर त्यांना तेथे रिकामा रस्ता दिसला असेल. मी मुलीला तसे सांगितले. ती विचार करीत खाली बसली.

कांटचे ते पुस्तक २००१ साली मी सरांकडून "आठ दिवसांत आणून देतो" म्हणून नेले होते. मार्चमध्ये ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. सरांची पुस्तके एका वाचनालयाला द्यायची ठरली होती, खोके बांधायचे चालले होते. कन्येने पुस्तक उघडले. समासभर पेन्सिलीच्या खुणा होत्या, काही सरांच्या, काही पुढे मी केलेल्या. "यातल्या बाबांच्या कुठल्या?" तिने विचारले.

मी दाखवू लागलो. पहिली काही पाने सरळ गेली. पुढे एका ठिकाणी "कशावरून?" लिहिलेले होते आणि ते सरांनी लिहिले की मी, ते मला सांगता येईना. आम्ही पुस्तक खिडकीपाशी उजेडात नेले.