ताटातली भाजी कोणाचा धर्म?

नागपुरात शिकायला आलेल्या मुलामुलींच्या खाण्याचा विषय निघाला की मोठ्यांचा सूर बहुधा ठरलेला असतो: सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसा, रात्री मॅगी, फळांचं नाव नाही, पालेभाजी दिसली की नाक मुरडायचं, जिभेवर ताबा म्हणून राहिलेला नाही. आहाराचा प्रश्न असा बघता बघता संयमाचा, म्हणजे धर्माचा होतो. तो धर्माचा आहे, हे मलाही मान्य आहे. पण तो ज्याच्या माथी मारला जातो, त्याच्या एकट्याचा नाही. गीतेच्या १७व्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, ते खाणाऱ्याच्या आवडीवरून. आवडीनं माणूस पारखायचा, तर आधी त्याच्यासमोर निवड हवी. जिथे निवडच नाही, तिथे ताटावरून स्वभाव ठरवणं हा त्या विचारावरही अन्याय आहे.

निवड किती आहे, ते मेसच्या ताटात बघावं. पोळ्या, वरण, भात आणि एक भाजी. ती कित्येकदा बटाट्याची, पातळ रश्श्याची. यात मेसवाल्याचा दुष्टावा नाही, हिशेब आहे. बटाटा टिकतो, निवडत बसावा लागत नाही आणि थोडक्यात पन्नास ताटं भरतो. मेथीच्या जुड्या निवडायला माणूस लावावा लागतो आणि परातभर पाला शिजून मूठभर होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. फळांची अडचण निराळी. काटोल-नरखेडच्या बागांतली संत्री हिवाळ्यात रस्त्यारस्त्यावर दिसतात. पण ती किलोनं किंवा डझनानं घ्यायची, पपई सबंध घ्यायची, आणि खोलीत फ्रीज नाही. एका माणसाच्या एका वेळेपुरतं म्हणून केळं तेवढं उरतं. समोसा मात्र केव्हाही, एक नग, गरम मिळतो.

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तिथे या प्रश्नावर बुद्धचरित्र आठवणं साहजिक आहे. देह सुकवून ज्ञान मिळत नाही, हे सिद्धार्थाला खडतर उपासांनंतर कळलं आणि त्यानं सुजातेनं दिलेली खीर घेतली. या प्रसंगातून आपण मध्यम मार्ग उचलतो. सुजातेकडे मात्र फारसं बघत नाही. योग्य अन्न घेण्याचा विवेक त्याचा होता, पण ते त्याच्या हातात ठेवणारं दुसरं कुणीतरी होतं. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला आज ज्यांचं नाव आहे, त्या तुकडोजी महाराजांच्या विचाराची दिशाही हीच दिसते. ग्रामगीतेत त्यांनी आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, आणि तो गाव कसं असावं हे सांगणाऱ्या ग्रंथात.

यावर कुणी म्हणेल, ही मुलं सज्ञान आहेत. मोबाइलच्या रिचार्जला पैसे असतात, मग पेरूलाच का नसतात? आक्षेप खोटा नाही. समोर काकडी चिरून ठेवली असताना ती सरकवून शेव मागणाऱ्याला संयमच शिकावा लागेल. पण संयमाचं काम तिथून सुरू होतं, त्याआधी नाही. दुसरा आक्षेप परंपरेच्या नावानं येतो: अल्पाहार हे तर विद्यार्थ्याचं लक्षण, त्याला खाण्याचे लाड कशाला? थोडं खाणं आणि निकस खाणं यांत मात्र फरक आहे. पोटभर बटाटा-भात खाऊनही शरीर उपाशी राहू शकतं. तिसरी शंका मला सर्वांत रास्त वाटते. ताटात धर्म आणला की त्याच्या मागोमाग शुद्ध-अशुद्ध येतं, आणि कुणी काय खावं यावर पहारा बसतो. म्हणूनच इथला धर्म खाणाऱ्याच्या ताटावर नजर ठेवण्याचा नव्हे, वाढणाऱ्याच्या जबाबदारीचा मानायला हवा. सावजी रस्सा ओरपणाऱ्यालाही पालक तितकाच लागतो. भाजी ही शाकाहाराची मक्तेदारी नाही.

हे अशक्यही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंना शहरातल्या संस्था आणि साधी माणसं दरवर्षी अन्न वाढतात. रामनवमीच्या शोभायात्रेतही वाटेवर हात आखडत नाहीत. अन्नदानाचं हे भान उत्सवापुरतं न ठेवता रोजच्या व्यवहारात आणायचं, तर सुरुवात वसतिगृहाच्या मेसच्या करारापासून व्हावी: रोज बटाट्याखेरीज एक भाजी, आठवड्यातून काही दिवस पालेभाजी, आणि हंगामातलं एक फळ नगावर. त्यासाठी ताटामागे जो जास्तीचा खर्च येईल, तो सगळा विद्यार्थ्याच्या खिशातून न काढता संस्थेनं आणि दात्यांनी वाटून घ्यावा. एवढं झाल्यावरही मुलं समोशाकडेच वळली, तर त्यांना खुशाल गीता ऐकवावी.