दुसऱ्याने दिलेला शब्द कोणाला बांधतो?



नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत सोयरीक जुळते तेव्हाचे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. दहा बाय दहाची खोली. पुरुष मंडळी चटईवर, बाया दाराशी. मुलीचा बाप म्हणतो, "आमचा शब्द पक्का." मामा मान डोलावतो. मुलगी मोरीपाशी कपबशा विसळीत असते. शब्द दिला कोणी? बापाने. पाळायचा कोणी? मुलीने, आणि तोही जन्मभर! त्या खोलीतली माणसे वाईट नसतात, बहुधा प्रेमळच असतात. परंतु प्रश्न त्यांच्या प्रेमाचा नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या वतीने दिलेला शब्द त्या दुसऱ्याला नीतीने बांधतो काय, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि त्यावरून इंग्लंडात मोठा वाद पेटला. एडमंड बर्क नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने १७९० साली क्रांतीविरुद्ध पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की शंभर वर्षांपूर्वी पार्लमेंटने राजाशी निष्ठेची जी प्रतिज्ञा केली, ती स्वतःच्या आणि पुढील सर्व पिढ्यांच्या वतीने केली. म्हणून आजचे लोकही तिने बांधलेले आहेत. वाडवडिलांनी घालून दिलेली घडी मोडण्याचा अधिकार नातवंडांना नाही!

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. गावकीच्या चावडीवर आपल्या आज्याने हीच ऐकली होती.

बर्कला पहिल्याप्रथम उत्तर देणाऱ्यांत एक बाई होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेरी वॉलस्टोनक्राफ्ट, वय एकतीस. शाळा चालवून, शिकवण्या करून, लेखणीवर पोट भरणारी. बर्कचे पुस्तक आल्यावर महिन्याभरातच तिचे उत्तर छापून आले, पहिल्या आवृत्तीवर नावही नव्हते. तिने बर्कला नेमके धरले. जुने म्हणून योग्य असे मानायचे, तर गुलामांचा व्यापार कधीच बंद करता येणार नाही, कारण तोही पूर्वजांनीच मान्य केलेला आहे! पुढे १७९१ साली टॉमस पेनने 'राईट्स ऑफ मॅन' मध्ये हाच धागा उचलला. मेलेल्यांनी जिवंतांना कायमचे बांधून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही पिढीला नाही, असे त्याने ठासून सांगितले. पेनचे नाव गाजले. बाईचे मागे पडले.

पण १७९२ साली तिने पुढचे पाऊल टाकले, आणि ते पेनने टाकले नव्हते. राजाचा दैवी अधिकार तुम्ही मानीत नाही ना? मग नवऱ्याचा दैवी अधिकार कसा मानता? भीतीने किंवा सवयीने पाळलेल्या आज्ञेला ती सद्गुण म्हणायला तयार नव्हती. ज्याला स्वतःच्या बुद्धीने विचार करू दिला नाही, त्याच्याकडून नीतीची अपेक्षा करणे हीच लबाडी. तिकडे पॅरिसमध्ये ऑलिंप द गूज हिने १७९१ साली स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. १७९३ च्या नोव्हेंबरात क्रांतीच्याच सरकारने तिचा शिरच्छेद केला. ज्यांनी राजाचा शब्द मोडला, त्यांना बाईने आपला शब्द मोडलेला चालला नाही.

(वॉलस्टोनक्राफ्टची एक उणीवही सांगितली पाहिजे. तिची आदर्श गृहिणी मुलांना स्वतः वाढवते, परंतु घरातली हलकी कामे करायला तिच्याकडे मोलकरीण असते. त्या मोलकरणीच्या बुद्धीचे काय? लालबागच्या गिरणीत पाळी करून घरी येऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच सुचला असता.)

पेनचे ते पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचले, हे आपण जाणतोच. पण या वादाचा खरा कस मुंबईच्या हायकोर्टात लागला. रखमाबाई ही सुतार समाजातली मुलगी. तिचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी लावले गेले. ती सासरी नांदायला गेली नाही, घरी राहून शिकली. १८८४ साली दादाजीने दावा लावला, की बायको माझ्या स्वाधीन करा. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. गंमत पाहा, हा दावाच मुळी इंग्रजी कायद्यातून आलेला, आणि खुद्द इंग्लंडने त्यासाठीची कैद १८८४ साली रद्द केली होती! तरी धर्म बुडाला म्हणून ओरड झाली ती इथे. टिळकांसारखे पुढारी तिच्या विरुद्ध उभे राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती लंडनला गेली आणि डॉक्टर होऊन परतली.

तिचा युक्तिवाद साधा होता: ज्या लग्नाला मी संमती दिलेली नाही, ते मला बांधीत नाही.

कोणी म्हणेल, आईबाप मुलांच्या वतीने ठरवणारच. लस टोचताना आपण पोराला विचारतो काय? नाही, आणि विचारायचे कारणही नाही. परंतु लस त्या पोराला मोठेपणी कोणाच्या स्वाधीन करीत नाही. उलट, मोठेपणी स्वतः ठरवता यावे म्हणून त्याला जगवते. फरक इथे आहे. मूल जाणते झाल्यावर ज्याचा फेरविचार करू शकते, ते ठरवण्याचा अधिकार आईबापाला आहे. ज्याने त्याचा फेरविचारच संपतो, ते ठरवण्याचा नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या परिषदेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेशी केली. पूर्वजांच्या नावाने आपल्यावर लादलेला करार तेथे जाळला गेला, आणि त्याच महाडात त्यांनी स्त्रियांशी वेगळे भाषण केले. पुढे १९५६ साली आपण दीक्षा घेतली. आता जरा अवघड जागेला हात घालू. त्या दिवशी किती बायांनी आपल्या मनाने प्रतिज्ञा उच्चारल्या, आणि किती जणी धनी म्हणाले म्हणून उभ्या राहिल्या? कडेवरच्या पोराच्या वतीनेही आपण शब्द दिला. ते पोर मोठे होऊन विचारील, की मला हे का पटावे, तेव्हा "आम्ही दीक्षा घेतली म्हणून" हे उत्तर बर्कचे होईल. कालामांना भगवंतांनी परंपरेचा आधार पुरेसा म्हणून सांगितला नव्हता.

आणि कायदा? नांदायला येण्याचा तो दावा हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये आजही आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवले; १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवले. रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये वारली. हा कायदा त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाला होता.

पुढच्या वेळी सोयरिकीची बैठक बसेल, तेव्हा कपबशा मामाला विसळू द्या आणि मुलीला चटईवर बसवा. तिने "विचार करून सांगते" म्हटले, तर पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवा.