चित्रात न ऐकू येणारा राग

रागमालेतली, म्हणजे रागांच्या चित्रमालिकेतली, तोडी रागिणी कुणालाही ओळखता येते. मोकळ्या रानात एक तरुणी, खांद्यावर वीणा आणि तिच्याजवळ आलेली हरणं. चित्राच्या माथ्यावर एक पट्टी, तिच्यात संस्कृत श्लोक नाहीतर ब्रज भाषेतला दोहा. कविता आहे, चित्र आहे, राग आहे. फक्त ऐकू काहीच येत नाही. तोडीचा कोमल गांधार ज्यानं कधी ऐकला नाही त्याला हे चित्र पाहून तो कळणार नाही, आणि ज्यानं आयुष्यभर तोडी गायली त्याला गाताना हरणं दिसतातच असंही नाही. मग तीन कलांचा हा संसार फसला म्हणायचा का? माझ्या मते तो टिकला, तो या फटीमुळेच.

सोळाव्या-सतराव्या शतकांत रागांचं एक मोठं कुटुंब मांडलं गेलं होतं. सहा राग, प्रत्येकाच्या पाच भार्या, म्हणजे रागिण्या. म्हणून चित्रांचे संच बहुधा ३६ चे. रेवाच्या क्षेमकर्णानं १५७० मध्ये प्रत्येक रागाला आठ-आठ पुत्र दिले आणि हे गोत ८४ च्या घरात नेलं. (पुढे कुणी सुनाही आणल्या.) या वंशावळीत शास्त्र किती आणि हौस किती, हा वाद जुना आहे. पण कुटुंबातल्या एकेकासाठी जे छोटे ध्यानश्लोक रचले गेले, ते फार कामाचे ठरले. त्यांत आरोह-अवरोह नसतो. एक व्यक्ती असते, एक प्रहर असतो, मनाची एक अवस्था असते, आणि दोन-चार ओळींत सगळं आटोपतं. गवयानं त्यातून भाव घ्यावा, चित्रकारानं रूप घ्यावं.

श्लोक छोटा होता हे महत्त्वाचं. त्यानं वीणा सांगितली, हरण सांगितलं. झाड कुठलं, आभाळ कुठल्या रंगाचं, हरणं दोन की सात, हे सांगितलं नाही. ती सगळी जमीन चित्रकाराची. हेच वर्णन पन्नास ओळींचं असतं तर चित्रकाराला कवीच्या मागे मागे ओळ न ओळ रंगवत जावं लागलं असतं. जपानी हायगामध्येही, म्हणजे हायकू आणि चित्र एकाच कागदावर येतं त्या प्रकारात, हीच जाण दिसते. बुसोन स्वतः कवीही होता आणि चित्रकारही. हायकूत जे आहे ते शेजारी पुन्हा काढलंच पाहिजे, असा हायगाचा आग्रह नसतो. शिरीष पै यांच्यामुळे हायकू आपल्याकडे रुजला, हायगा मात्र त्या मानानं मागेच राहिला.

रागमालेतले सहकारी एकमेकांना भेटलेही नव्हते. वाराणसीजवळच्या चुनारला १५९१ मध्ये एक संच तयार झाला. त्यावरच्या फारसी लेखात शेख हसन, शेख अली आणि शेख हातिम ही तीन नावं आहेत, आणि मुघल दरबारातल्या मीर सय्यद अली व अब्दुस समद या उस्तादांचे आपण शिष्य, असंही त्यांनी नोंदवलं आहे. श्लोककर्ता कधीचाच होऊन गेलेला, गवई तिसरीकडेच. त्या संचाच्या रचना पुढे बुंदी-कोट्याच्या चित्रकारांनी कित्येक पिढ्या गिरवल्या. चरब्यावरून, म्हणजे पातळ कातड्यावर घेतलेल्या खाक्यावरून, आकृती उतरवायची आणि रंग आपले भरायचे. मेवाडात चावंडला निसारदीनं १६०५ मध्ये केलेला संच पाहा: मुघली नजाकत बाजूला, सपाट तांबडा-पिवळा रंग, जाड धीट रेषा. रागिण्या त्याच, पण त्यांचा स्वभाव पार बदललेला. कधी तर लेखनिकानं माथ्यावर भलताच श्लोक लिहून ठेवलेला सापडतो, आणि तरी चित्राचं काही बिघडत नाही!

चित्रकारांनी आवाज गाठायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. क्षेमकर्णानं रागांचे ध्वनी घराअंगणातल्या आणि रानातल्या आवाजांशी जोडले होते: ताक घुसळणं, पाणी, पाखरांची साद. पहाडी चित्रकारांनी ते शब्दशः घेतलं आणि रागाच्या नावाखाली ताक घुसळणारी बाई काढली. ही चित्रं गोड आहेत, पण मला विभासचं चित्र जास्त आवडतं. रात्र सरत आली आहे, जोडपं एकत्र आहे, आणि प्रियकरानं धनुष्य ताणून नेम धरलाय तो कोंबड्यावर. तो आरवला नाही तर दिवस उजाडणार नाही, असा बेत! आवाज काढून दाखवता येत नाही, हे या चित्रकाराला पुरतं ठाऊक आहे. म्हणून त्यानं आवाज होऊ न देण्याची धडपड काढली. सकाळी विभास ऐकताना तो कोंबडा आठवला, तर रागात नसलेलं काहीतरी रागाला मिळतं. धनाश्री त्याहून चतुर. तिथं विरहिणी दूर गेलेल्या प्रियकराचं चित्रच काढत बसली आहे. रागाचं चित्र, त्यात चित्र काढणारी नायिका, आणि ज्याचं चित्र तो जागेवर नाही.

रागांच्या चित्रांत दख्खनही मागे नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काही देखण्या रागमाला, माथ्यावर नागरी अक्षरांतल्या संस्कृत ओळी असलेल्या, बिकानेरच्या संग्रहातून पुढे आल्या. तिथले राजे मुघलांच्या बाजूनं दख्खनच्या मोहिमांवर येत, त्यांच्याबरोबर ही चित्रं गेली असावीत. ती अहमदनगरची की आणखी कुठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं (राज्यकाल १५८० ते १६२७) तर तिन्ही कलांना एकाच दरबारात बसवलं. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’मधली छोटी दखनी गीतं रागांच्या नावांखाली रचलेली आहेत, काहींत रागालाच माणसाचं रूप दिलं आहे, आणि आरंभ सरस्वतीला वंदन करून होतो. गणपती आपला पिता आणि सरस्वती माता, असं म्हणणाऱ्या या सुलतानासाठी फर्रुख हुसेननं वीणाधारी सरस्वती रंगवली. इथं कवी स्वतःच यजमान आणि गाणाराही स्वतःच. आश्चर्य म्हणजे तरीही चित्रकार त्याच्या गीताचा नोकर झाला नाही. ती सरस्वती फारसी नजरेची आहे, आणि ती तशी राहू देण्याइतका इब्राहिम रसिक होता.

काळानं मग या तिघांतल्या एकाला हलवलं. संगीत थांबून राहत नाही. आज कर्नाटक पद्धतीत तोडी म्हणून जे गातात त्याचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत, आणि आपली तोडी निराळी आहे. नाव एकच, गाणी दोन; हरणांनी नेमकं काय ऐकलं हे कुणी सांगावं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतून लिहिताना राग-रागिणीचा हा कुटुंबकबिला बाजूला ठेवला आणि दहा थाटांत रागांची व्यवस्था लावली. प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या स्वरांवर बोट ठेवायचं तर दुसरं करणारही काय? शास्त्राच्या बाजूनं ते बरोबरच होते. पण चित्रं आणि श्लोक राहिले आणि अजून पाहणाऱ्याला धरतात. श्लोकानं आणि चित्रानं स्वरांवर भार टाकला असता, तर स्वर सरकताच दोन्ही कोसळले असते.

म्हणूनच हल्लीच्या ‘शब्द-सूर-रंग’ छापाच्या कार्यक्रमांत माझं मन रमत नाही. निवेदक पावसाची चारोळी वाचतो, पडद्यावर पाऊस पडतो, बासरीवर मल्हाराची सुरावट येते. तिघं तेच सांगतात आणि प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. कलावंत कमी पडतात असं नाही, पुष्कळदा तिघंही उत्तम असतात. मात्र ताल जुळवावा तसे अर्थ जुळवून घेतात. चित्र क्षणात सगळं दाखवतं, चारोळी दहा सेकंदांत संपते, आलापाला वीस मिनिटं लागतात. या तीन चाली एका मापात बसवायच्या तर तिन्हींचे हातपाय छाटावे लागतात, आणि बहुधा आधी कापला जातो आलाप.

त्यापेक्षा कवीनं चार ओळी लिहाव्यात, त्या चित्रकाराला द्याव्यात पण चाल ऐकवू नये. संगीतकाराला ओळी द्याव्यात पण चित्र दाखवू नये, आणि तिघांनी थेट रंगमंचावरच भेटावं. कवितेत पाऊस असेल आणि कॅनव्हासवर कोरडी विहीर निघेल, गायिका मल्हाराऐवजी मारवा मांडील. रंगीत तालीम ठेवली की हे सगळं घासूनपुसून एकसारखं करायचा मोह संयोजकाला होणार, म्हणून ती ठेवूच नये. कवी, चित्रकार, गायक आपल्याकडे पुष्कळ आहेत; अडतं ते तालीम न ठेवणाऱ्या संयोजकापाशी.