दोन टर्मिनलांवरून

सांगलीत मी तीस वर्षं इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘नेटवर्क ॲनॅलिसिस अँड सिंथेसिस’ हा विषय शिकवला. नावातले दोन शब्द जोडीनं येत असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा. ॲनॅलिसिसमध्ये सर्किट समोर असतं. किरचॉफचे नियम लावले की कुठल्या फांदीत किती करंट ते ठरतं आणि उत्तर एकच येतं. सिंथेसिसमध्ये दिलेलं असतं ते वर्तन, आणि तसं वागणारं सर्किट आपण घडवायचं असतं.

एका परीक्षेत मी एक इम्पिडन्स फंक्शन दिलं होतं. अंशस्थानी एसचा चौथा घात, चार एसवर्ग आणि तीन यांची बेरीज; छेदस्थानी एसचा घन अधिक दोन एस. माझं उत्तर फॉस्टरच्या रीतीचं होतं: 1 हेन्रीचा इंडक्टर, 2/3 फॅरडचा कपॅसिटर, आणि पाव हेन्री व 2 फॅरड यांची समांतर जोडी, असे तिन्ही सिरीजमध्ये. एका मुलानं शिडी काढली होती: 1 हेन्री, अर्धा फॅरड, 4 हेन्री, 1/6 फॅरड. मी आकडे ताडून पाहिले, जुळले नाहीत, शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन आला. “मॅडम, माझं सर्किट एकदा सोडवून बघता का?” मी शिडीच्या शेवटच्या पायरीपासून मागे येत गेले, आणि माझंच फंक्शन हातात आलं. ती कौअरची रीत होती. भागाकार करत करत वितत अपूर्णांक मांडला की एकेका भागाकारातून एकेक घटक निघतो. फॉस्टरचा सिद्धांत 1924 चा, कौअरची शिडी 1926 ची. दोन्ही मी वर्गात स्वतः शिकवल्या होत्या. मुलाची माफी मागितली, पूर्ण गुण दिले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला: बाहेर जे दिसतं त्यावरून आतलं ओळखता येतं का?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतलं शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. भाष्यकार वात्स्यायनांचं उदाहरण पुराचं आहे: नदी फुगली, म्हणजे वर पाऊस झाला असणार. त्यावरचा आक्षेपही सूत्रांतच नोंदवलेला आहे. प्रवाह कुठे अडला तरी पाणी चढतंच की! सांगलीकराला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गावात थेंब नसताना कृष्णा चढते आणि आयर्विन पुलावरच्या 45 फुटांच्या धोक्याच्या रेघेकडे डोळे लावून माणसं विचारतात, घाटावर पाऊस झाला की कोयनेतून पाणी सोडलं?

आक्षेपाला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. नीट पाहा, असं ते सांगतं. पावसाच्या पुराला ओढ असते. त्यात फेस असतो, फळं, पानं, लाकडं वाहत येतात. चूक अनुमानाची नसते, उथळ पाहण्याची असते.

नदीपुरतं हे पटतं. माझ्या पेटीपुढे मात्र ते थांबतं. आदर्श घटकांची ती दोन सर्किटं दोन बंद पेट्यांत ठेवा आणि दोन टर्मिनलांवरून हव्या त्या फ्रिक्वेन्सीला मोजा. फरक कधीच सापडणार नाही. इथे फेस नाही, पानं नाहीत. कितीही बारकाईनं पाहिलं तरी आतली जोडणी बाहेरून कळत नाही, असंही या जगात असतं.

म्हणून सगळंच अज्ञेय का? तसंही नाही. 1931 मध्ये ऑटो ब्रून यांनी एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं की कुठलं फंक्शन निष्क्रिय घटकांतून घडू शकतं याची कसोटी असते. जिला स्वतःची ऊर्जा नाही ती पेटी घेतल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत देऊ शकत नाही. आत काय असणं अशक्य, हे टर्मिनलांवरून ठामपणे सांगता येतं. आत हेच आहे, एवढं सांगता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमचे हे झोपेतच गेले. भेटायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “पूर्वजन्मीचं काही फेडायचं राहिलं असेल.” शेजारचे काका म्हणाले, “देव आवडत्या माणसाला लवकर नेतो.” घटना एकच, तिच्यामागे लावलेल्या जोडण्या दोन. मला तेव्हा दोन्हींचा राग आला होता.

उदयनाचार्यांनी जगाच्या कार्यत्वावरून कर्ता सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. घडा आहे तर कुंभार आहे. पेटी रिकामी नाही इतपत मी त्यांच्याबरोबर जाते. गणपतीच्या देवळात रोज हात जोडते ते मनापासून. पण कर्ता आहे म्हणणं वेगळं आणि त्याच्या मनात काय होतं ते सांगणं वेगळं. नदीच्या वरच्या अंगाला जाऊन कोयनेचे दरवाजे बघून येता येतं, प्रयोगशाळेतली पेटी उघडता येते. इथे आपल्याला दोन टर्मिनलंच दिलेली आहेत. माझी श्रद्धा अनुमानावर उभी नाही, आणि तिला उभं राहायला अनुमान लागतही नाही, हे मला त्या वर्षात कळलं.

मावशींचा तरणा मुलगा गेलेला होता, हे मला नंतर समजलं. पूर्वजन्माचं ते उत्तर त्यांनी माझ्यासाठी शोधलं नव्हतं. त्या स्वतः वीस वर्षं त्याच्याच आधारानं जगत होत्या. त्या मुलाच्या पेपरानंतर कुठलंही वेगळं सर्किट मागे सोडवून पाहिल्याशिवाय मी त्यावर लाल रेघ ओढली नव्हती. मावशींच्या बाबतीत ओढली, मनातल्या मनात. आता त्या येतात, त्यांच्या मुलाबद्दल बोलतात, आणि मी ऐकते. त्यांची जोडणी मला आजही मानवत नाही. पण ती खोडायला माझ्याकडे काही नाही.