एका अक्षराचं अंतर

मुंबईत परळ टी.टी.वरून आचार्य दोंदे मार्गाकडे वळलं की सकाळी सातलाच गर्दी दिसते. केईएम इस्पितळाच्या केसपेपरची रांग लागलेली असते. वाडियाच्या दाराशी पोरांना कडेवर घेतलेल्या आया उभ्या असतात. टाटा इस्पितळाजवळच्या फुटपाथवर रात्र काढलेली माणसं पथाऱ्या गुंडाळत असतात. कुणी बिहारचं, कुणी बंगालचं, कुणी सोलापूरकडचं. औषधांच्या दुकानांची शटरं वर जातात. दुकानं, लॅब, अँब्युलन्स यांच्या पाट्या वाचत चाललं तर दोन इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. केअर आणि क्युअर. रोमन लिपीत दोघांत फरक एका अक्षराचा. एकात ‘ए’, दुसऱ्यात ‘यू’.

दिसायला सख्ख्या बहिणी, पण यांचं रक्ताचं नातं नाही. केअर जुन्या इंग्रजीतला. मुळात त्याचा अर्थ दुःख, शोक. जर्मन माणसं गुड फ्रायडेला कारफ्रायटाग म्हणतात. त्यातला ‘कार’ म्हणजे विलाप, आणि तो केअरच्याच कुळातला. क्युअर आला लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेनं. लॅटिनमध्ये ‘कूरा’ म्हणजे लक्ष ठेवणं, जपणं. बरं करणं हा अर्थ त्याला पुढे मिळाला. संग्रहालयाचा क्युरेटर याच घराण्यातला. तो कुणाला बरं करत नाही, आहे ते राखतो. इस्पितळाच्या फाटकावर उभ्या असलेल्या ‘सिक्युरिटी’तही हीच कूरा दडलेली आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ चिंतेपासून मोकळं असणं. त्या फाटकातून आत शिरणाऱ्या नातेवाइकाला हे न सांगितलेलं बरं.

म्हणजे आज ज्याला आपण इलाज म्हणतो, तो शब्द एकेकाळी नुसती देखभाल होता. आणि ज्याला देखभाल म्हणतो, तो शब्द एकेकाळी नुसतं दुःख होता.

मराठीला हा प्रवास करावाच लागला नाही. आपली काळजी दोन्हीकडची. ती करायचीही असते आणि घ्यायचीही. काळजाचीच लेक वाटावी असा शब्द. केलेली काळजी आतून पोखरते, घेतलेली काळजी दुसऱ्याच्या उशाशी बसते. डॉक्टर एका दमात दोन्ही सांगतात. काळजी करू नका, काळजी घ्या. नातेवाईक दोन्हींना मान डोलावतो. त्यातलं दुसरं त्याला जमतं, रात्रभर तो तेच करत आलेला असतो. पण पहिल्याशिवाय दुसरं जमत असेल, असं मला वाटत नाही.

परळला क्युअरचा ध्यास जुना आहे. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, गव्हर्नरांच्या इथल्या जुन्या निवासात शास्त्रज्ञ हाफकिनची प्रयोगशाळा आली. १९२६ मध्ये केईएम उभं राहिलं, १९४१ मध्ये टाटा. इथून बरी होऊन गेलेली माणसं किती असतील! ती मात्र पुन्हा या रस्त्याला फारशी दिसत नाहीत. बरा झालेला माणूस इस्पितळ विसरतो, आणि ते योग्यच आहे.

केईएमच्या चार नंबरच्या वॉर्डालगत एक खोली होती. तिथं क्युअर नव्हता. त्या खोलीतल्या अरुणा शानबाग आधी याच इस्पितळात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर इस्पितळातच हल्ला झाला. मेंदूला झालेली इजा भरून येणारी नव्हती. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टर त्यांना भरवत होत्या, पुसत होत्या, कूस बदलून देत होत्या. सुरुवातीला ज्यांनी हे केलं त्या निवृत्त झाल्या. हल्ला झाला तेव्हा ज्या जन्मलेल्याही नव्हत्या, अशा मुलींनी पुढे ते काम हाती घेतलं. १ जूनला अरुणा यांचा वाढदिवस व्हायचा. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही पाठीला जखमा झाल्या नाहीत, हे न्यायालयासमोरही मांडलं गेलं.

न्यायालयात प्रकरण गेलं ते लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेमुळे. अरुणा यांना या अवस्थेतून मोकळं होऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सिस्टरांचा त्याला ठाम विरोध होता. त्या काळात अनेकांना यात एक बाजू दयाळू आणि दुसरी निष्ठुर दिसली. कुठली कोणती, हे ज्याच्या त्याच्या मनावर होतं. मला दोन्हीकडे काळजीच दिसते. एकीला ते जगणं पाहवत नव्हतं, दुसऱ्यांना ते रोज सांभाळायचं होतं. एक करत होती, दुसऱ्या घेत होत्या.

सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. त्याच निकालानं काही अटींवर, इतर रुग्णांसाठी, उपचार थांबवण्याची वाटही खुली केली. स्वतः बोलू न शकणाऱ्याच्या वतीनं जो बोलतो त्याला कायद्याच्या इंग्रजीत ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात. विराणी त्या नात्यानं न्यायालयात आल्या होत्या. न्यायालयानं तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.