अनोळखी पंगत आणि गोपाळकाला

गेल्या चातुर्मासात पुण्याला कीर्तनासाठी गेलो असता माझ्या पुतणीने एक निराळाच प्रश्न पुढे ठेवला. ती म्हणाली, "काका, हल्ली शहरात काही गृहस्थ आपल्या राहत्या घरी पंगत मांडतात. आठ-दहा पाने. येणारे एकमेकांना ओळखत नाहीत, यजमानही त्यांना ओळखत नाही. पैसे आधी भरायचे, ठरल्या दिवशी जायचे, त्यांच्या हातचे जेवायचे, चार गोष्टी बोलायच्या आणि परत यायचे. येत्या शनिवारी मी दोन पाने सांगितली आहेत. याल का?" मी म्हटले, "अगं, ही खानावळ म्हणायची की यजमानकी?" ती म्हणाली, "ते तुम्ही सांगा. शास्त्र तुम्ही शिकलात."

शास्त्र शिकलो खरा. तेव्हा आधी शास्त्राकडेच पाहू.

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती आपण नेहमी ऐकतो. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यमधर्म परतला तो घाबरूनच गेला, आणि त्या एकेका रात्रीबद्दल त्याने एकेक वर दिला. साऱ्या जगाला ज्याचे भय, त्याला उपाशी अतिथीचे भय! तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत तर आज्ञाच आहे, की वस्तीला आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये, आणि त्यासाठी अन्न भरपूर जोडून ठेवावे. या मापाने पाहिले तर पैसे भरून, दिवस ठरवून आलेला माणूस अतिथी नव्हे. उलट महाभारताच्या वनपर्वात कलियुगाचे वर्णन आहे, त्यात लोक अन्न विकू लागतील हे एक लक्षण सांगितले आहे. म्हणजे पुतणीच्या पंगतीचा निकाल लागलाच म्हणायचा!

पण थांबा. हा पूर्वपक्ष झाला. पूर्वपक्षावर उठून जाणारा श्रोता अर्धपोटी उठतो.

मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट घ्या. कोकणातून, घाटावरून गिरण्यांत कामाला आलेला गडी बायकामुले गावी ठेवून यायचा. त्याला दोन वेळा भाकरी कोणी घातली? चाळीतल्या खोलीत, घरच्याच चुलीवर रांधणाऱ्या बायकांनी. पैसे महिना भरल्यावर, तोवर वाण्याची उधारी त्या बाईच्या डोक्यावर. अशा बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. नाव पाहा, अन्नपूर्णा! आता या माउल्यांनी अन्न विकले म्हणून त्यांना कलियुगाचे लक्षण म्हणायचे काय? ज्याची जीभ असे म्हणायला वळेल, त्याने दोन दिवस वीस माणसांच्या भाकऱ्या थापून पाहाव्यात. तांदूळडाळीचा आणि कष्टाचा मोबदला घेणे हा दोष नव्हे. पैशाने ताटातला जिन्नस फिटतो, "आणखी थोडा भात घ्या हो" हे म्हणणे फिटत नाही. दोष असला तर दुसरीकडे आहे, आणि तो मला स्वतःवरूनच सांगावा लागेल.

सन १९७४ च्या सुमारास मी कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत शिकत होतो. वय तेरा-चौदा. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेचे विद्यार्थी माधुकरी मागतात हे आपण जाणताच. आमच्याकडे वार लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सात दिवसांची सात अनोळखी घरे. माझा मंगळवार एका विधवा मावशींकडे होता. त्या घरातच खानावळ चालवीत. एस. टी. चे वाहक, बदलून आलेले एखादे मास्तर, बाजाराला आलेले शेतकरी अशी पंधरा-वीस माणसे जेवून जात. त्यांच्याकडून पैसे घेत, माझ्याकडून काही नाही.

पहिल्याच मंगळवारी मी पाटावर बसलो आणि शेजारच्या वाहकाला विचारले, "आपले आडनाव?" त्याने सांगितले. मी ताट उचलले आणि भिंतीशी जाऊन एकटा बसलो. अमरकोश पाठ होता, रघुवंशाचे दोन सर्ग झाले होते, त्याचा हा ताठा! तो मनुष्य काहीच बोलला नाही. मान खाली घालून जेवला आणि उठला. मावशी वाढायला आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाळ, तुझे पान मी वेगळे मांडीन. पण भात एकाच पातेल्यातला आहे हो."

पुढे तीन वर्षे माझे पान भिंतीशी वेगळे पडत होते. तूप पहिल्यांदा मलाच वाढत. मला वाटे, हा माझ्या विद्येचा मान! समजले तेव्हा फार उशीर झाला होता.

समजले ते काल्याच्या कीर्तनात. भागवताच्या दशम स्कंधात, तेराव्या अध्यायात भगवंताच्या वनभोजनाचा प्रसंग आहे. यमुनेच्या वाळवंटात मधे कृष्ण आणि भोवती गोपाळांची कडी. कोणाचे पान फुलाचे, कोणाचे पानाचे, कोणाचा दगडच. ज्याच्या त्याच्या घरची शिदोरी निराळी, आणि जो तो आपल्यातले दुसऱ्याला चाखायला देतो आहे. हे पाहून मोह कोणाला पडला? ब्रह्मदेवाला! चार वेद ज्याच्या मुखातून निघाले त्याला ती पंगत उमजली नाही. त्याने आधी वासरे पळवली, मग भगवंत हातात घास तसाच धरून त्यांना शोधायला गेले तेव्हा गोपाळही पळवले. वर्ष लोटले. भगवंत परत आले तेव्हा ती पोरे म्हणतात, तुझ्यावाचून आम्ही एक घाससुद्धा खाल्ला नाही, ये, जेव!

हे निरूपण करता करता माझा आवाज बसला. गोपाळांत बसण्याची माझी पात्रता नव्हती. वेद येत असून पंगत न उमजलेला तो मी होतो. दुसऱ्या महिन्यात कृष्णाकाठी गेलो. मावशी जाऊन चार वर्षे झाली होती. त्या वाहकाचा तर पत्ताच नव्हता. क्षमा मागायला माणूस उरत नाही, सज्जनहो, म्हणून ती वेळेवर मागावी.

तर त्या शनिवारी मी पुतणीबरोबर गेलो. नऊ पाने होती. सांजा, मटकीची उसळ, भाकरी, वरणभात. समोर एक वृद्ध गृहस्थ. पत्नी जाऊन सात महिने झालेले. म्हणाले, "घरी स्वयंपाकाला बाई येते. पण जेवताना समोर माणूस नसते. म्हणून पैसे भरून आलो." शेजारी एक तरुण मुलगा, मराठवाड्यातून नोकरीला आलेला. त्याने नाव सांगितले, नुसते नाव. आणि काय सांगू! पन्नास वर्षांच्या कीर्तनानंतर माझ्या जिभेवर तोच प्रश्न आला, "आडनाव काय?" ओठापर्यंत आला. तेवढ्यात भाताचे पातेले समोर आले. मी म्हटले, "आधी त्यांना वाढा."

एवढेच केले. फार मोठे काही नव्हे. पण पन्नास वर्षे भिंतीशी पडलेले माझे पान त्या दिवशी पंगतीत आले.

आता पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर. ती पंगत खानावळ असो की यजमानकी, तीन गोष्टी पाळल्या तर तो काला होतो. पहिली, पंगतीत नाव विचारावे, गाव विचारावे, आडनावाची चौकशी करू नये. हल्ली जात कोणी उघड विचारीत नाही, आडनावाच्या आडून विचारतो. दुसरी, नऊ पाने विकली तर दहावे विकू नये. पैसे भरू न शकणाऱ्यासाठी ते राखावे, म्हणजे अतिथीची जागा राहते. तिसरी, ज्याला अशा पंगतीला जाणे नाही त्याने आपल्या घरी महिन्यातून एक पान अनोळख्याचे मांडावे. तुकोबारायांच्या पालखीला यवतच्या मुक्कामी गाव पिठलेभाकरी घालते, तेव्हा तुम्ही कोण, कुठले, असे कोणी विचारते काय? वारीत आपल्याला हे सहज साधते. वारी संपली, उंबरठा आला, की अवघड होते. तो उंबरठा ओलांडणे हीच वारीची परीक्षा.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. आपला हात अनोळख्याच्या मुखाशी जातो, त्याचा आपल्या. तो घास घेताना या म्हाताऱ्याची आठवण ठेवा, आणि घरी जाऊन एक पान जास्त मांडा.

रामकृष्णहरि.